मारवेलीचा ठोंब

आबासाहेबांनी बांधावर कुदळ हाणली, मातीचे ढेकूळ उचकटले आणि पलीकडच्या शेतात उभ्या असलेल्या धाकट्या भावाकडे न पाहताच म्हणाले,

"जवळ ये की. लांबनं काय दिसणार तुला?"

"दिसतंय दादा," शहाजी म्हणाला. "सकाळधरनं तेच दिसतंय."

वाटणीच्या वर्षी वडिलांनी दोन शेतांमध्ये तीन हात रुंदीचा बांध घातला होता आणि त्याच्या बरोबर मध्यावर मारवेल गवताचे ठोंब ओळीने लावले होते. आता बांध जेमतेम हातभर उरला होता आणि गवत सारे शहाजीच्या कडेला लवून उभे होते. मधोमध लावलेले गवत ज्याच्या कडेवर आले, त्यानेच बांध कोरला, या निष्कर्षाविषयी आबासाहेबांना नऊ वर्षांत एकदाही संदेह वाटला नव्हता. दर हंगामाला त्यांनी तो गावात, सोयऱ्यांत, मंगळवेढ्याच्या बाजारात सांगितला होता. भाऊ कबूल होत नव्हता आणि भांडतही नव्हता. त्याच्या या शांतपणानेच त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता.

"नांगर वळताना थोडं लागतं," शहाजी म्हणाला. "मी कधी न्हाय म्हणलं?"

"थोडं? हातभर थोडं?"

आबासाहेबांच्या पत्नी दगडाबाई भाकरीचे गाठोडे घेऊन आल्या होत्या. ते खाली ठेवण्याचीही त्यांची तयारी दिसेना.

"पंधरा दिसांनी भावजींच्या पोरीच्या अंगाला हळद लागायची, आन् हितं भाऊ-भाऊ माती उकरत बसलेत. ऋतुजानं काल तीनदा इचारलं, मोठे काका येणार न्हवं?"

"आदी ह्याचं खोटं उगडं पडू दे. पडलं की त्याच्या मांडवात पाय ठेवायचा न्हाय, आन् मोजणीचा अर्ज उद्याच द्यायचा."

"आन् न्हाय पडलं तर?"

या प्रश्नावर आबासाहेबांनी कुदळ अधिक जोराने हाणली.

वरचे गवत नवे होते; वडिलांच्या हातचा जुना ठोंब त्याखाली, काळ्या मातीत रुतलेला होता. तो दिसताच आबासाहेबांनी कुदळ बाजूला ठेवली. गुडघे टेकून ते बोटांनी माती सोडवू लागले. शहाजीने न सांगता कळशी आणली आणि धार धरली. माती विरघळून उतरली तशी मुळे उघडी झाली.

वृक्षाचे सोटमूळ एकटेच खोल जाते. तृणाची रीत निराळी. त्याच्या तंतुमुळांत ज्येष्ठ-कनिष्ठ असा भेद नसतो. बुंध्यापासून ती चहूंकडे सारखीच पसरतात आणि प्रत्येक तंतू आपल्या वाट्याची माती धरून ठेवतो. आबासाहेबांना हे बालपणापासून ठाऊक होते. त्याच भरवशावर ते आज खणायला बसले होते: ज्या अंगाची मुळे आखूड निघतील, त्या अंगाने बांध जास्त कोरलेला.

शहाजीच्या बाजूची मुळे त्यांनी आधी मोजली. एक वीत आणि वर आठ बोटे भरली. टोके ओढून तुटलेली, नांगराने तुटतात तशी पिंजलेली.

मग त्यांनी आपल्या बाजूला हात आणला. वीत उघडली आणि मिटली. बोटे टेकवली. चार.

त्यांनी पुन्हा टेकवली.

ही टोके पिंजलेली नव्हती. सुरीने भाजी चिरावी तशी एका रेषेत, स्वच्छ कापलेली होती.

"तुमी दर दिवाळीला खोऱ्यानं बांध साफ करता की," दगडाबाई सहज म्हणाल्या. "गवताची काडी दिसू देत न्हाय आपल्या अंगाला."

बोलता बोलता त्यांची नजर त्या कापलेल्या टोकांवर गेली. त्यांनी गाठोडे हळूच खाली ठेवले.

गवताला या अंगाने जागाच मिळाली नव्हती. जिकडे राहू दिले, तिकडे ते सरकत गेले होते.

शहाजी कळशी धरून उभाच होता. पाणी संपले होते. त्याला दिसले नव्हते असे नाही. तो दूर अक्कलकोटच्या दिशेला आभाळाकडे पाहत होता.

"वहिनी, कालवण काय आणलंय?" त्याने विचारले.

"शेंगाची चटणी हाय," त्या म्हणाल्या. "लई न्हाय, पर तिघांला पुरंल."

"दादा, मोजायचं ऱ्हायलंय का अजून?"

आबासाहेब उठले. धोतराला लागलेली माती त्यांनी झटकली नाही.

"झालं मोजून."

उघडी मुळे उन्हात सुकू लागली होती. त्यांनी कुदळीशेजारी पडलेले खोरे उचलले, बांधावरून खाली आपल्या शेतात उतरले आणि कडेच्या पहिल्याच तासात, पिकाच्या ओळीतच, ते रोवले. आठ दिवसांपूर्वी उगवलेली, बोटभर उंचीची ज्वारी मातीबरोबर खोऱ्यात आली.

"आवं, पीक हाय त्यात," दगडाबाई म्हणाल्या.

आबासाहेबांनी ती माती मुळांवर टाकली, हाताने दाबली आणि दुसरे खोरे भरायला ते पुन्हा त्याच तासात वाकले.