कॅथरिनबायच्या घरची रोझरी

"आय, फादर वाट बघतायत. आज तरी चला."

कॅथरिनबायने ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. हातात बोंबील होते. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी बांबूंना ताणलेल्या दोरीवर टाकायची, हे काम ती अर्नाळ्यात नवरी होऊन आली तेव्हापासून करत होती. डोळे मिटूनही जमलं असतं. पण आज ती प्रत्येक बोंबील उलटासुलटा करून बघत होती, जणू त्याचं लग्न जमवायचं होतं.

"ऊन हाय तोवर टाकून होऊ दे. मग बघू."

"गेल्या वेळी पण हेच म्हणालात." तिची सून ॲनिशा वाळूत तशीच उभी राहिली. विरारच्या हॉस्पिटलात ती कामाला होती. ड्युटीचा पांढरा कुर्ता अंगात, पर्स खांद्याला. "मी आज हाफ डे टाकलाय. आणि फादर दुपारनंतर नसणारेत."

"अगो, तुला घाई हाय तर जा ना तू."

"माझं सांगून झालंय आय. तुमचंच राहिलंय."

तेही खरंच होतं. सगळ्यांचं सांगून झालं होतं. कॅथरिनबायच्या पोराची, युजीनची होडी समुद्रात गेली ती परत आली नाही, याला आता कितीतरी पावसाळे लोटले होते. त्याला कोर्टानेसुद्धा कधीच मेलेला ठरवून टाकलं होतं. राहिलं होतं चर्च. ॲनिशाला दुसऱ्यांदा लग्नाला आल्तारासमोर, म्हणजे वेदीसमोर, उभं राहायचं तर आधीचा नवरा जिवंत नाही असं बिशपांच्या कचेरीने म्हणायला हवं, आणि त्यांनी म्हणायचं तर आधी घरच्यांनी बायबलवर हात ठेवून सांगायला हवं. ॲनिशाने सांगितलं, युजीनच्या मामाने सांगितलं, दुसऱ्या होडीवरच्या लोकांनी सांगितलं. आई मात्र दर वेळी नवं निमित्त काढत होती. कधी गुडघा, कधी मासळी, एकदा तर शेजारणीची मांजर व्याली म्हणून.

ॲनिशा ज्याच्याशी लग्न करणार होती त्या ॲन्सेल्मबद्दल कॅथरिनबायची तक्रार नव्हती. मनवेलपाड्यात राहणारा, ॲनिशाच्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढणारा तो अबोल माणूस दोनदा घरी येऊन गेला होता. पहिल्यांदा आला तेव्हा बसायला सांगेपर्यंत उभाच राहिला. जाताना हळूच तिच्या गुडघ्याचं मलम खिडकीत ठेवून गेला. अशा माणसाला नावं तरी काय ठेवायची? सून उजवून द्यायला तिची ना नव्हती. ना होती ती फक्त त्या एका वाक्याला.

आणि त्या वाक्याला नाही म्हणायला तिच्याकडे भक्कम कारण होतं. ते म्हणजे देव.

अर्नाळ्यात कुणाच्या घरी मयत झालं की पहिला निरोप फादरांना आणि दुसरा कॅथरिनबायला जायचा. मयताच्या घरी संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायची ती कॅथरिनबायच्या आवाजात. 'नमो मरिये' तिने म्हणायचं आणि उरलेल्यांनी 'हे पवित्र मरिये' म्हणून उचलायचं. आवाज असा की ओटीवर बसलेले, अर्धवट मनाने आलेले पुरुषही टोप्या काढायचे. रोझरी झाली की ती घरच्या बाईचा हात हातात घ्यायची आणि म्हणायची, "बाय, देवाची येल आपल्याला नाय कलत. पन ती चुकत नाय." स्वतःचा नवरा गेला तेव्हाही तिने हेच म्हटलं आणि स्वतःच्या घरची रोझरी स्वतःच घेतली. गावाने तोंडात बोट घातलं. एका फादरांनी तर प्रवचनात तिचं नाव न घेता तिचं उदाहरण दिलं, आणि चर्चमधल्या, म्हणजे गावाच्या भाषेत देवळातल्या, सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. ते तिला आवडलं होतं. खोटं कशाला बोला, आवडलं होतं.

मग ती सकाळ आली. पावसाळ्यातली बंदी उठून मासेमारीचा हंगाम सुरू व्हायचा दिवस. समुद्रात जाण्याआधी फादर किनाऱ्यावर येऊन होड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात, आशीर्वाद देतात. त्या सकाळी फादरांना आगाशीच्या बाजूला कुणा मरणासन्न माणसाकडे जावं लागलं. बाकीच्या होड्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, क्रूसाची खूण केली आणि दामटल्या. परत आल्यावर घेऊ आशीर्वाद, देव काय पळून जातोय? युजीननेही दोर सोडला होता. कॅथरिनबाय गुडघाभर पाण्यात शिरली आणि तिने होडीची कड धरली.

"आशीर्वादाबिगर नाय जायचा. थांब."

"आय, सगळे गेले गो! भरती जाईल."

"जाऊ दे भरती. देवाच्या येलेला जा."

तो थांबला. हसला, डोक्याला हात लावला, आणि थांबला. आईपुढे त्याचं काही चालायचं नाही. फादर आले, पाणी शिंपडलं, होडी उशिरा निघाली. बाकीच्यांनी वारा फिरलेला पाहिला तेव्हा ते परतीच्या वाटेवर होते. युजीन आणि त्याच्याबरोबरचा खलाशी अजून आत जात होते.

गावात हे कुणी तिच्या तोंडावर बोललं नाही. ॲनिशाही बोलली नाही, आणि ती तर तिथेच उभी होती, डब्याची पिशवी हातात घेऊन. कॅथरिनबायला वाटायचं, एकदा बोलली असती तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

तेव्हापासून तिने एकच धरून ठेवलं. देवाच्या वेळेला गेलेला पोरगा देवाच्या वेळेलाच येईल. गुजरातच्या किनाऱ्याला लागला असेल, कुठल्या तुरुंगात असेल, आठवण गेली असेल. देव असा दगा कसा देईल? आपल्यावर इतका विश्वास टाकणाऱ्या बाईला, आणि तेही त्याचा आशीर्वाद घेण्यासाठी थांबवलेल्या पोराच्या बाबतीत? छे. येईल. आज ना उद्या. चर्चमध्ये ती युजीनच्या नावाने मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, द्यायची ती जिवंतांसाठीची, सुखरूप परतीसाठीची. नाव वाचलं जायचं तेव्हा बाकावरच्या बायका पायांकडे बघायच्या.

"आय." ॲनिशाने पर्स वाळूत ठेवली आणि ती तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्हाला नसेल जमत तर नको. खरंच नको. मी आज ॲन्सेल्मला सांगून टाकते, दुसरीकडे बघ म्हणून. फक्त मला एक सांगा. युजीन येणारे, असं तुम्हाला खरंच वाटतं?"

कॅथरिनबायने आणखी एका बोंबलाचा जबडा अडकवला.

"वाटत असेल तर सांगा. मग मी पण थांबते." तिचा आवाज फाटला. "तुमच्याबरोबर थांबते."

थांबते.

कॅथरिनबायने मान वर करून सुनेकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी नीट पाहिलं असावं, कारण कपाळाशी पिकलेले केस तिला नवीन होते. डोळ्यांखाली काळं झालं होतं. या घरात आली तेव्हा ही पोरगी हसायला लागली की ताट सांडायची. सासूने थांब म्हटलं असतं तर ही थांबली असती. म्हातारी होईपर्यंत, तक्रार न करता, आणखी एक माणूस, देवाच्या वेळेची वाट बघत, कारण कॅथरिनबायने कड धरून ठेवली आहे.

तिने हातातले बोंबील टोपलीत टाकले, पदराला हात पुसले.

"चल," ती म्हणाली.

फादरांची खोली देवळाच्या मागे होती. हे फादर नवे होते, तरुण, शब्द तोलून बोलणारे. त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, आणि ॲनिशाला बाहेर बसायला सांगितलं. कॅथरिनबाय म्हणाली, "राहू दे तिला."

"ठीक आहे. कॅथरिनबाय, तुम्ही काही डोळ्यांनी पाहिलंय का, असं मी विचारत नाही. तुमच्या मनाला काय वाटतं, तेवढंच सांगायचं. बायबलवर हात ठेवून."

तेवढंच! डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं असतं तर सोपं होतं; पाहिलं नाही म्हणून सुटता आलं असतं. तिने हात ठेवला. बोटांना मासळीचा वास होता, तिला त्याची लाज वाटली.

"तुमचा मुलगा युजीन आज जिवंत असेल, असं तुम्हाला वाटतं का?"

बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. झाडून झालं, केर भरून झाला. फादरांनी घाई केली नाही. माणूस भला होता.

"नाय," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, फादरांना ऐकू गेलं नसेल म्हणून: "नाय वाटत. मेला माजा पोरगा. त्या वाऱ्यात कोनची होडी राहनार? मी कोलीन हाय फादर, मला का कलत नव्हता?"

ॲनिशाने तोंडावर ओढणी दाबली. कॅथरिनबायच्या डोळ्यांना पाणी आलं नाही. ती हात तसाच ठेवून बसली होती, हात काढायचं तिला सुचलं नाही.

फादर हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या श्रद्धेबद्दल मी खूप ऐकलंय. धीर धरा. देवाची वेळ आपल्याला..."

"नको फादर." तिने त्यांना थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणा फादरांचं बोलणं तोडलं. "ता नको. तसा बोलूनच मी त्याला थांबवला."

फादरांनी मान खाली घातली. देवावरचा तिचा विश्वास उडाला असता तरी एक वेळ सुटली असती बाई. पण तो तिथेच होता, भिंतीवरच्या क्रूसावर, दोन्ही हात पसरून, आणि तिला त्याच्याशी बोलायला एक शब्द सापडत नव्हता.

जबाबावर सही झाली. फादर उठता उठता म्हणाले, "आता त्याच्यासाठी मृतांची मिस्सा ठेवू. दर वर्षी ठेवता येईल. तारीख कुठली धरू? होडी गेली ती?"

"ती नको."

"मग शोध थांबवला, तो दिवस?"

"तो सरकारचा दिवस." तिने ॲनिशाकडे पाहिलं, मग फादरांकडे. "आजची धरा. आज सकालपर्यंत माज्यासाठी तो जिता होता."

फादरांनी वही पुढे ओढली. त्यांनी आजची तारीख घातली.

"आनि घंटा," ती म्हणाली. "गावात कोन मेला तर घंटा देतात. माज्या पोराला दिली नाय कोनी."

देणार तरी कशी? कुणी मेलंच नव्हतं. घंटा नाही, शवपेटी नाही, संध्याकाळच्या रोझरीला गोळा झालेल्या चपला नाहीत. गावभरच्या मयतांना पुरून उरलेल्या त्या बाईच्या दारात तिच्या पोरासाठी एक माणूस प्रार्थनेला बसला नव्हता, कारण तिनेच बसू दिलं नव्हतं.

फादरांनी खुंटीवरची किल्ली घेतली आणि ते स्वतःच घंटेकडे गेले.

अंगणात ॲनिशाने तिला मिठी मारली. कॅथरिनबायने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "जा, ॲन्सेल्मला सांग. फोनवर नको, जाऊन सांग. चांगली गोष्ट तोंडाने सांगावी."

"तुम्हाला घरी सोडते आधी."

"मला काय झाला? दोरीवर बोंबील हाय, कावले नेतील. जा तू."

ॲनिशा रिक्षात बसून दिसेनाशी झाली तेव्हा पहिला ठोका पडला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. मरणाची घंटा अशीच देतात, दोन ठोक्यांमध्ये माणसाला भीती वाटेल इतकं अंतर ठेवून. कॅथरिनबाय किनाऱ्याच्या वाटेला लागली. वाळवणांवरच्या बायका एकेक करून थांबल्या, कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली, आणि कुठल्या घरी कोण आजारी होतं ते एकमेकींना विचारू लागल्या.

शेजारची जॉयस पाटी डोक्यावर घेऊन समोरून येत होती. देवळाकडून येणारी कॅथरिनबाय दिसली तशी ती थांबली. मयताची बातमी हिच्याइतकी पक्की आणखी कुणाकडे असणार?

"कॅथरिनबाय, कोन गेला गो?"

"युजीन."

जॉयस बघत राहिली. तिने पाटी हळूच खाली वाळूत ठेवली, मासळी कलंडली तिकडे तिचं लक्षही नव्हतं. काय बोलावं ते तिला सुचेना. असं सुचेनासं झालं की गावातल्या बायका व्यवहाराचं बोलतात, तसं तीही बोलली.

"संध्याकाली रोझरी असंल ना? सगल्यांना सांगते मी. पन..." ती अडखळली. "घेनार कोन? तूच ना?"

घंटा अजून वाजत होती. कॅथरिनबायने नकाराची मान हलवली.

"तूच घे," ती म्हणाली. "मी नुसती बसेन."