बाईंच्या टेबलाखालची वेताची टोपली

मी एक जुनी टोपली आहे.

नको. असे तर प्रत्येक जुनी वस्तू म्हणते. बोळा करा, टाका.

मी एक जुनी, वेताची, काठाला किंचित कलंडलेली टोपली असून थोर साहित्याच्या सहवासात माझे आयुष्य धन्य झाले आहे.

हेही टाका. ‘धन्य’ तर जरा लांबच टाका.

मित्रांनो, मी कागद टाकायची टोपली आहे. एका मोठ्या लेखिकेने आयुष्यभर स्वतःला न जमलेली वाक्ये माझ्या पोटात टाकली.

हे बरे आहे. इथून पुढे जाऊ.

मला एका म्हातारीने विणले. वेत पाण्यात भिजवून ठेवायचा, मऊ झाला की वाकवायचा, असे तिचे काम. तोंडाने ती शेजारणीशी गप्पा मारी आणि हात आपले चालू असत. माझा तळ तिने विणला, उसवला, पुन्हा विणला, पुन्हा उसवला.

शेजारीण म्हणाली, “अगं, तळ कोण बघतंय?”

“बघत कुणीच नाही,” म्हातारी म्हणाली. “पण सगळा भार तिथंच येतो.”

हे बोलणे मला तेव्हा कळले नाही. मला बाजारात बटाट्यांची टोपली म्हणून विकले गेले आणि पोस्टात काम करणाऱ्या एका गृहस्थांनी मला घरी आणले. काही दिवस मी स्वयंपाकघरात बटाटे सांभाळले. मग त्यांच्या बायकोच्या टेबलाखालचा पत्र्याचा डबा गंजून फुटला. त्या तरातरा आल्या, मला उचलले, बटाटे मोरीत ओतले आणि मला घेऊन आपल्या खोलीत गेल्या.

“अगं, आता बटाटे कुठं ठेवू?” गृहस्थांनी विचारले.

“डोक्यावर ठेवा,” खोलीतून उत्तर आले.

याच त्या लेखिका. पुढे सारा गाव त्यांना नुसते ‘बाई’ म्हणू लागला, तेव्हा मीही बाईच म्हणते.

खोली लहान होती. खिडकीला लागून टेबल, खुर्चीवर दबून पापड झालेली उशी, बरणीत एक पेन आणि बोथट पेन्सिली. मुलगी शाळेत गेली की बाई दार लोटून बसत. एक वाक्य लिहीत, पुटपुटत वाचत आणि कडू औषध घेतल्यासारखे तोंड करत. मग कागदाचा बोळा होई आणि तो माझ्याकडे येई. पहिला बोळा बहुधा बाहेरच पडायचा. बाईंचा नेम वाईट होता.

बोळ्यांवरून मला त्यांचे मन कळे. रागाचा बोळा सुपारीसारखा घट्ट असे. हताश झाल्या की कागद नुसता मधोमध दुमडून सोडून देत. आणि कधी कधी त्या वाकून टाकलेला बोळा परत काढत, मांडीवर घासून सरळ करत, त्यातला एकच शब्द उचलत आणि बाकीचा कागद पुन्हा माझ्या स्वाधीन करत. तो शब्द पुढे छापून येई. त्याला लोक वाहवा म्हणत. तो कुठून आला होता हे मला ठाऊक असे आणि माझी छाती, म्हणजे माझा काठ, फुगून येई.

दुपारपर्यंत मी काठोकाठ भरायची.

आता नीट ऐका, कारण सगळा घोटाळा इथे आहे. दुपारी पोस्टातले गृहस्थ जेवायला घरी येत. हात धुण्याआधी ते मला उचलत आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या पोत्यात रिकामी करत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कागदांवर आंघोळीचे पाणी तापे. फसलेले लिखाण कुणी पाहिले की बाई दिवसभर गप्प होत, म्हणून गृहस्थांनी स्वतःला लावून घेतलेली ही सवय. कुणी सांगितली नव्हती. कुणी तिच्याबद्दल बोललेही नाही.

मग मुलगी शाळेतून यायची. तिला काय दिसे? टेबलावर सुंदर अक्षरातले स्वच्छ कागद. टेबलाखाली रिकामी टोपली. आणि आई खिडकीतून बाहेर बघत शांत बसलेली.

मुलीने जे दिसले ते खरे मानले.

पुढे बाई प्रसिद्ध झाल्या. मुलाखतीला माणसे येऊ लागली. “तुम्ही कशा लिहिता?” असे कुणी विचारले की बाई हसून म्हणत, “बसते, आणि येतं.” तेवढ्यात स्वयंपाकघरातून गृहस्थांना ठसका लागल्याचा आवाज येई. फोटो काढणारे आत आले की पहिल्यांदा म्हणत, “ती टोपली जरा बाजूला घ्या.” बाईंच्या एकाही फोटोत मी नाही. मित्रांनो, वाईट वाटायचे. पण फोटोवाले गेले की बाई पायाने मला हळूच ओढून पुन्हा जागेवर आणत, आणि मी ते विसरत असे.

मग बाई गेल्या.

(इथे मी एक लांबलचक परिच्छेद केला होता. फार नटला होता. तो माझ्या तळाशी आहे.)

मुलगी आता पन्नाशीला टेकली होती. बाबा, म्हणजे ते पोस्टातले गृहस्थ, तिला अजून छकुलीच म्हणत. तिचे चष्म्यांचे दुकान होते. आईच्या मागे तिने खोली स्वच्छ केली, मला धुतले, उन्हात वाळवले, वर चकचकीत वॉर्निश लावले आणि भिंतीवरच्या फळीवर ठेवले. आल्यागेल्याला ती दाखवी, “ही आईची टोपली.” माणसे मान हलवत. एवढा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता, आणि एवढी रिकामीही मी कधी नव्हते.

छकुलीला लिहायचे होते. लहानपणापासून. हे तिने कुणाला सांगितले नव्हते, पण फळीवरून मला दिसे. दुकान बंद करून आली की ती कागद घेऊन बसे, एक ओळ लिही, तिच्याकडे बघत राही आणि कागद पालथा करून खणात ठेवून देई. खण अशा एकेका ओळीच्या कागदांनी भरत आला होता.

एके दिवशी ग्रंथपाल आले. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

“वाचनालयात काचेचं कपाट करतोय,” ते म्हणाले. “बाईंचं टेबल, पेन, ही टोपली, सगळं मांडू. उद्घाटनाचा छोटा कार्यक्रमही ठेवलाय. त्या दिवशी बाईंच्या कथा वाचणारे पुष्कळ आहेत. तुम्ही स्वतःचं काहीतरी वाचा.”

“मी?” छकुली म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “वाचते.”

ते गेल्यावर ती बाबांजवळ बसली. “बाबा, या वेळी जमलं तर खोली माझी. नाही जमलं तर टेबलासकट सगळं त्यांना देऊन टाकते. उगाच जागा अडवून कशाला बसू?”

मी फळीवर बसून काचेच्या कपाटाचा विचार करत राहिले. तिथे धूळही लागत नाही म्हणे.

मग छकुलीने मोठमोठ्या लेखकांच्या सवयी गोळा केल्या. रविवारच्या पुरवण्यांतली कात्रणे तिने टेबलासमोर चिकटवली. एक लेखक म्हणे उभ्यानेच लिहीत. छकुलीने कपाटावर कागद ठेवून उभ्याने लिहून पाहिले आणि तिची कंबर धरली. दुसरे पाय थंड पाण्यात बुडवून बसत. ती बादली घेऊन बसली आणि पुढचे दोन दिवस गिऱ्हाइकांच्या तोंडावर शिंकत राहिली. तिसरे हिरव्या शाईशिवाय लिहीत नसत. हिरवी शाई आणली, ती बाबांच्या सदऱ्यावर सांडली.

शेवटी तिने आईचे सगळे केले. तीच खुर्ची, तीच उशी, तेच पेन, तीच वेळ. दुकानाला अर्धा दिवस सुट्टी देऊन ती बसली, दार लोटले आणि वाट पाहू लागली.

एक ओळ आली. वाईट होती. तिने कागद पालथा केला.

बाबा चहा घेऊन आत आले. कप ठेवायला जागा शोधताना त्यांची नजर टेबलाखाली गेली.

“टोपली कुठाय गं?”

“फळीवर. का?”

“तिथं काय करतेय? मग कागद कुठं टाकतेस?”

“टाकायचेत कशाला? आई कुठं टाकायची?”

बाबांनी कप ठेवला. “काय म्हणालीस?”

“आई एकटाकी लिहायची, बाबा. मी रोज बघितलंय. माझं पहिलंच वाक्य चुकतं. म्हणजे माझ्यात ते नाहीच. दुसरं काय?”

बाबा खाली बसले आणि हसू लागले. हसता हसता त्यांचा चष्मा घसरला, डोळे पाणावले, तरी थांबेनात.

“हसताय काय?”

“अगं, एकटाकी? ती? दुपारपर्यंत ही टोपली ओसंडायची. तू यायच्या आत मी उपसायचो. तुझ्या आईला कुणी बघितलेलं चालायचं नाही.”

“मग ते कागद गेले कुठं?”

“तुझ्या डोक्यावर.”

“म्हणजे?”

“आंघोळीचं पाणी त्यावर तापायचं. तुझी अख्खी शाळा तिच्या फसलेल्या कथांच्या पाण्यावर झाली, छकुले.”

छकुलीने खण उघडला. पालथे कागद तसेच होते.

“सगळ्यांना म्हणायची, बसते आणि येतं,” ती हळूच म्हणाली.

“यायचं ना. सकाळी बसली की दुपारी यायचं. मधलं मी पोत्यात भरायचो.” मग बाबांचे हसू ओसरले. “तुलाच तेवढं दाखवायला हवं होतं. सुचलंच नाही गं.”

छकुली त्या कागदांकडे बघत होती. “दुकानात मी एकेकाला कितीतरी भिंगं लावून बघते. हे बरं की हे? आता दिसतं? पहिल्या भिंगात दिसलं नाही म्हणून कुणाला घरी नाही पाठवत.”

“आणि इथं?”

ती उठली. मला फळीवरून काढून तिने टेबलाखाली ठेवले. मग खणातला वरचा कागद घेतला, चुरगळला आणि फेकला. तो बाहेर पडला.

“नेम मात्र आईवर गेलाय,” बाबा म्हणाले आणि कप उचलून निघून गेले.

दुसरा आत पडला. मित्रांनो, कागदाच्या बोळ्याला वजन ते काय असणार. तरी माझ्या तळाला तो बरोबर कळला. म्हातारीने तळ इतक्यांदा का उसवला हे मला त्या दुपारी समजले.

छकुलीने एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची गोष्ट लिहिली. तो भिडस्त माणूस कुठलेही भिंग लावले तरी “दिसतं, दिसतं” म्हणायचा, आणि वर्षानुवर्षे चुकीचा चष्मा घालून हिंडायचा. तिची सुरुवात माझ्या पोटात अनेकदा आली. शेवट तर त्याहून जास्त वेळा. एक बोळा तिने परत काढला, मांडीवर घासला, त्यातला एक शब्द उचलला. मी श्वास रोखून बघत होते, टोपलीला जमेल तेवढा.

कार्यक्रमाला मी नव्हते. घरी आल्यावर बापलेकीचे बोलणे झाले तेवढेच मला माहीत. एका ठिकाणी लोक हसले. नंतर एक निवृत्त शिक्षिका तिला म्हणाल्या, “आईसारखं नाही हं.” छकुलीने विचारले, “नाही ना?” आणि इतकी खूश झाली की शिक्षिका गोंधळूनच गेल्या.

पुढच्या आठवड्यात ग्रंथपाल हातगाडी घेऊन आले. छकुलीने त्यांना पेन दिले, उशी दिली, आईचे फोटो दिले. टेबल दिले नाही.

“आणि ती टोपली?” ते म्हणाले. “कपाटात शोभली असती.”

“ती नाही देता येणार,” छकुली म्हणाली. “कामावर आहे.”

माझे वॉर्निश आता उडाले आहे. काठ पुन्हा कलंडला आहे. तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी असेल. तिला पुसून फळीवर ठेवू नका. तिला टेबलाखाली, पायाजवळ ठेवा आणि मनापासून भरा. माझ्या या गोष्टीच्या दोन फसलेल्या सुरुवाती मी तुमच्यापासून लपवल्या नाहीत, त्या त्यासाठीच. आणि घरात लहान मूल असेल तर एवढे कराच: ते शाळेतून परत येईपर्यंत तिला रिकामी करू नका.