शिंपल्याच्या वाट्याचा उजेड

लिफ्टकाकांनी चपला दाराशी काढल्या, पाय न वाजवता टाकीपाशी आले आणि दिव्याचं बटण आणखी थोडं खाली फिरवलं. पाण्यातला निळसर उजेड विझत आल्यासारखा झाला. मग त्यांनी टाकीवरून हात फिरवला. सावली पडली की शिंपला चट्कन मिटायचा. आजही तो मिटला, पण उशिरा आणि अर्धवट, आजारी माणसाने हाकेला ओ द्यावी तसा.

काकांनी हात पुन्हा फिरवून पाहिला.

आयुष्यभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या म्हणून सगळे त्यांना लिफ्टकाका म्हणत. निवृत्तीनंतर घरात बसवेना, तेव्हा त्यांनी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. आधी मासे आले, मग प्रवाळ, आणि शेवटी हा तळहाताएवढा शिंपला. उघडला की त्याच्या कडेने निळी झालर बाहेर यायची. त्या झालरीत डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहत होतं. ते उजेडावर अन्न करायचं आणि त्यातलंच शिंपला खायचा. उजेड हेच त्याचं जेवण. म्हणून टाकीवर तो झगझगीत दिवा होता, सकाळी लागायचा आणि संध्याकाळी विझायचा.

आणि काचेच्या पार्टिशनपलीकडे, बिनखिडकीच्या खोलीत सून झोपायची.

ती नर्स होती. एक आठवडा रात्रपाळी, एक आठवडा दिवसपाळी. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात, त्यामुळे घरात दोघंच. दोघांचं वाकडं नव्हतं, पण बोलणंही बेताचंच. "जेवलात का?" "हो." "येते." "ये." एवढ्यावर दिवस निघायचा. एकदा मुलाने फोनवर सहज विचारलं, "बाबा, तिला दिवसा झोप मिळते ना? तुमचा तो दिवा डोळ्यांवर येत असेल." त्याच दुपारी सून बाहेर आली ती डोक्याला स्कार्फ गुंडाळून, डोळे लाल. काकांनी काय ते ओळखलं.

आधी त्यांनी टाकीच्या त्या बाजूला पुठ्ठा लावला. उजेड छतावरून परतून पलीकडे जातोच, हे लक्षात आल्यावर पार्टिशनला जाड पडदा टांगला. तरी वरून एक निळी पट्टी आत जात होती. मग दिव्याचा जोर रोज जरा जरा कमी करत नेला. सून काही बोलली नाही. उलट अलीकडे तिचा चेहरा जास्तच ओढलेला दिसायला लागला. काकांना वाटलं, अजून उजेड जातोय. त्यांनी बटण आणखी खाली केलं.

आता झालरीचा निळा रंग जाऊन ती चहाच्या डागासारखी तपकिरी झाली होती. काकांना चैन पडेना. ते खुर्चीत बसले, उठले, खिडकीपाशी गेले, परत टाकीपाशी आले. शेवटी चपला घालून माशांच्या टाक्यांचं दुकान गाठलं.

टाकीवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, तुम्ही त्याला उपाशी मारताय."

"रात्री दिवा लावला तर? ती कामावर असते तेव्हा?"

"आणि पुढच्या आठवड्यात परत दिवसा? शिंपल्याला पाळ्या लावू नका हो. त्याची युनियन नाहीये."

काका हसले नाहीत. टाकीवाला जरा नरमला.

"इथे आणून द्या. माझ्याकडे दिव्याची कमी नाही. फक्त ओढून काढू नका. खालून तो धाग्यांनी दगडाला धरून असतो, ते तुटले की संपलं. दगडासकट आणा."

परत येताना काका दोनदा चुकीच्या गल्लीत वळले. माणूस आधी, शिंपला नंतर, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून झोपल्यावर त्यांनी बादलीत टाकीतलं पाणी घेतलं, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हातांनी दगड धरला. दगड जड होता. अर्ध्यावर आणला आणि हातातून निसटला. पाणी उसळून फरशीवर आलं, मागे सरकताना पाय लागून बादली आडवी झाली आणि तिची कडी खण्णकन वाजली.

पार्टिशनचं दार धाडकन उघडलं. सून बाहेर आली. एका पायात बूट, दुसरा हातात, केस मोकळे.

"किती वाजले? बाबा, किती वाजले? मला उठवलं का नाही?"

"अगं, दुपार आहे. आत्ताच तर झोपलीस."

"दुपार?" तिने खिडकीकडे पाहिलं. उन्हाचा कवडसा जमिनीवर होता, तरी तिला तो पटायला वेळ लागला. मग ती तिथेच, ओल्या फरशीवर, मटकन बसली.

"रोज असंच होतं," ती म्हणाली. "डोळे उघडले की काळोख. दिवस की रात्र, कळतच नाही. वाटतं ड्युटी चुकली. उठते, बघते, परत पडते, परत दचकते."

"फोन बघायचा ना उशाशी."

"फोन हातात घेतला की झोप गेलीच म्हणून समजा. वॉर्डचे मेसेज येऊन पडलेले असतात." तिने छताकडे पाहिलं. "आधी बरं होतं. डोळा किलकिला केला की छतावर तुमचा निळा उजेड दिसायचा. तो आहे म्हणजे संध्याकाळ व्हायचीय. मी कूस बदलून झोपायचे."

काकांच्या कोपरांवरून पाणी ठिबकत होतं.

"मग तो स्कार्फ?"

"तो कानांना. तुमचा पंप गुरगुरतो."

ओल्या हातांनी काकांनी पुठ्ठा ओढून काढला. चिकटपट्टी करकरत सुटली.

"बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, विजेचं बिल जास्त येतंय." ती खाली बघत म्हणाली. "किंवा मी दिवसभर लोळते, ते तुम्हाला..."

"काहीतरीच."

तिने बादलीकडे पाहिलं, टाकीत वाकडा पडलेला दगड पाहिला.

"हे काय करत होतात?"

"दुकानात देत होतो."

"माझ्यासाठी?"

काकांनी पाण्यात हात घालून दगड सरळ केला. धागे शाबूत होते. शिंपला घट्ट मिटला होता. उघडेल की नाही, सांगता येत नव्हतं.

सूनच उठली आणि दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"पूर्ण करू?"

"नको, नको. इतके दिवस काळोखात काढलेत त्याने. एकदम सगळा उजेड दिला तर भाजून निघेल. रोज थोडा थोडा."

तिने बटण जरासंच फिरवलं. पाणी किंचित निळं झालं. पडद्याचं एक टोक तिने स्वतःच वर खोचलं, बूट कोपऱ्यात ठेवला आणि आत गेली. काका फरशी पुसायला वाकले. तेवढ्यात आतून आवाज आला.

"बाबा, एवढ्याशा उजेडात आज नीट कळणार नाही मला. वेळ झाली की हाक माराल?"

दोघंच घरात असलेल्या या सात महिन्यांत तिने त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं.

"मारतो," काका म्हणाले.

त्यांनी पंपाखाली टॉवेलची घडी सरकवली. गुरगुर कमी झाली. मग खुर्ची भिंतीवरच्या घड्याळासमोर ओढली आणि हात मांड्यांखाली दाबून, हलायचं नाही असं ठरवून बसले.