तीन झेंडे आणि उभा ताग

बांबूवर तिसरं लाल फडकं चढलं, तेव्हा आम्ही गुरांसाठी गवत कापत होतो. एक झेंडा म्हणजे हातभर पुराचं पाणी येणार, तीन म्हणजे तीन हात. आणि आभाळ कसं, तर लख्ख. जमुना आमच्या बेटाच्या काठाला लागून गुमान वाहत होती.

माझ्या चुलतभावाची विधवा, जोबेदा भाबी, विळा कमरेला खोचून तरातरा झेंड्याखाली गेली. झेंडे चढवायचं काम कोबाद अलीचं. त्याच्या फोनवर शहरातून निरोप येतो.

"कोबाद, उन्हातान्हाचं कुटलं पानी आणतुयास रं?"

"मी कशाला आणू, भाबी? आठ दिसांत चढनार म्हनत्यात. सरहद्दीपल्याड आसामात हीच नदी फुगलीया. वरनं उपग्रह बघतुया. त्येच्या यंत्राला ढगाआडचंबी दिसतं. पानी पसरलं की जमिनीची चमक बदलती, त्यावरनं मापत्यात."

"आसामातलं पानी दिसतंय, आन माजा ताग पंधरा दिस कच्चा हाय त्ये न्हाई दिसत?"

सगळे हसले, पण भाबीचा जीव टांगणीला लागला होता. तेवढ्या एका शेतावर तिचं आणि लेकीचं वर्ष निघतं. आत्ता कापला तर धागा बारीक. न कापता पाणी आलं तर उभ्या काडीला मुळं फुटणार, मग धागा कुजका. गेल्या साली झेंड्याला भिऊन आम्ही कच्चा ताग कापला, आणि नदी पलीकडचा काठ फोडून तिकडेच गेली. नाओशेर व्यापाऱ्यानं आमचा माल मातीमोलानं उचलला. तेव्हापासून कोबादचं आणि त्याचं साटंलोटं आहे, असं आमच्या बेटावर सगळेच म्हणतात. मीही म्हणायचो.

म्हणून आमचा एक नियम झाला. फडकं बघू नये, फडकं लावणाऱ्याचं शेत बघावं. मी आणि भाबी बांधाबांधानं कोबादच्या शेतावर गेलो. ताग डोक्याच्या वर, उभाच्या उभा. एका काडीलाही विळा लागलेला नव्हता. तेवढ्यात कोबाद मागून आला आणि ओशाळला.

"गेल्या साली पयला इळा मीच लावला. बायकू आजून टोमणं मारती. यंदा थांबून बघतो."

"मंग झेंडा कशापायी चढवलास?"

"निरोप आला की चढवायचा, येवडं माजं काम. मानायचं काम तुमचं."

मी घरापर्यंत हसत गेलो. वाटेत भेटेल त्याला सांगितलं. सगळ्यांचे विळे छपरालाच खोचलेले राहिले.

दुसऱ्या दिवशी बघतो तर भाबी आणि तिची लेक ताग कापतायत. विचारलं, तर "शेत माजं, इळा माजा" एवढंच. मला वाटलं, हिनं नाओशेरशी आधीच काहीतरी ठरवलंय. कशाला लपवू, तेही मी गावभर सांगून आलो.

आठव्या दिवशी दुपारी, पावसाचा थेंब नसताना, काठावरून पाणी आत आलं. सकाळपर्यंत गुडघाभर, पुढच्या दोन दिवसांत छातीला लागलं. भाबीच्या पेंढ्या धागा सुटावा म्हणून घरामागं बांबूला बांधून, चिखल दाबून भिजत पडल्या होत्या. धागा बारीक निघणार होता, पण निघणार होता.

मी आणि कोबाद शेजारशेजारच्या शेतांत बुड्या मारून ताग कापत होतो. एका दमात चार काड्या. नाकातोंडात गढूळ पाणी. तशात भाबी पदर खोचून माझ्या शेतात उतरली.

"सरक तिकडं. आसा कापलास तर ईदपत्तुर कापशील."

मी मान खाली घातली. "भाबी, तुला कसं कळलं?"

"कोबाद लबाड आसता, तर आमाला दाखवायला चार वळी तरी कापल्या आसत्या. त्येचा सोताचा इस्वास न्हाई, तरी झेंडा चढवला. म्हंजी निरोप खरंच आल्ता. त्यात कुनाची लबाडी न्हवती, मंग कुजक्यापरीस बारीक धागा बरा."

"मंग मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं आसतं, तर तू म्हनला आसतास, हिचं नाओशेरशी साटंलोटं हाय."

शेजारी कोबाद पाण्याबाहेर डोकं काढून दम खात होता. त्याच्याबद्दलही मी तेच बोललो होतो. मी बुडी मारली.