फ्लिंटाही गेली

तोराला पुरून आलो आणि रिवाजाप्रमाणे आमच्या घरी सगळे कॉफीला बसले. संपादक सुंडेलिउस खुर्ची ओढून माझ्याजवळ आले.

"मास्तर, विचारू नये, पण विचारतो. तोराबाई गेल्या. फ्लिंटाने का जावं?"

फ्लिंटा हे तोराचं वर्तमानपत्रातलं नाव. आमच्याकडे समीक्षक टोपणनावानेच लिहितात. सिनेमाला नावं ठेवणारी ही फ्लिंटा म्हणजे सोडरमाल्म भागातल्या शिंप्याची, म्हणजे माझी, बायको, हे स्टॉकहोममध्ये फार थोड्यांना ठाऊक होतं. तिने सुरुवात केली तेव्हा थिएटरवाले फुकट पासाबरोबर स्तुतीही लिहून पाठवत आणि पेपर ती तशीच छापत. तोराने पास परत पाठवले. तिकीट काढून ती लोकांत बसायची आणि जे पाहिलं ते लिहायची. पुढे इतर पेपरांनीही सिनेमासाठी माणसं नेमली.

"नवा माणूस मिळालाय," सुंडेलिउस म्हणाले. "नाव तेच ठेवतो. तुमची हरकत?"

मंगळवारी पेपर उघडला की त्यात ती असेल, एवढंच माझ्या मनात आलं.

"माझी कसली हरकत?"

मेहुणी गुनबोर्ग कपबशा उचलत होती. "भावोजी, तिचा कोट अजून खुंटीवर आहे. नाव मात्र देऊन मोकळे झालात."

"तू कॉफी आण."

"आणते. संपादकांना साखर नको ना? बोलणं आधीच गोड आहे त्यांचं."

मंगळवारी लेख आला. खाली फ्लिंटा. मी दुकानात उभ्यानेच वाचला. वाईट नव्हता. नुसतं कौतुक होतं.

त्याच आठवड्यात थिएटरमालक क्विस्ट जाकीट घालून बघायला आला. तोरा कोण होती हे त्याला माहीत नव्हतं.

"फ्लिंटा वाचता का मास्तर? बाई ताळ्यावर आली एकदाची. इतकी वर्षं पास तोंडावर फेकायची. या खेपेला मुकाट ठेवून घेतला, आणि बघा काय सुरेख लिहिलंय. प्रत्येकाची किंमत असते, काय?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्याची बाही खाली करून मी तशीच टाचली.

तो गेल्यावर दुकान बंद केलं आणि कचेरी गाठली.

"फ्लिंटा गेली असं छापा," मी सुंडेलिउसना म्हणालो.

"मास्तर, आता? मंगळवारच्या लेखात ती सिनेमाला जाऊन आली. लोक विचारतील, लिहिलं कोणी?"

"विचारू देत."

"पेपरचं हसं होईल. आणि परवानगी तुम्हीच दिलीत."

"तेही छापा."

त्यांनी कागद पुढे सरकवला. मला लिहायची सवय नाही. वेळ लागला. फ्लिंटा म्हणजे तोरा लिंडरोट, ती वारली, तिने कधी कोणाचा पास घेतला नाही, मागचा लेख तिचा नाही, आणि तिचं नाव तिच्या नवऱ्याने दुसऱ्याला दिलं.

सुंडेलिउसनी वाचलं आणि पेन्सिल उचलली. "शेवटचं काढू या. लोकांना वाटेल, तुम्ही बायकोचं नाव विकलंत."

"वाटू दे," मी म्हणालो. "ते काढू नका."