चार हात चाललेला दगड

अहो, थांबा जरा! मी बोलतोय, सायखेड्याच्या शिवारातला, सखुबाईच्या बांधावरचा हद्दीचा दगड. दगडाला कुठं वाचा असते, म्हणाल. पण आज गप्प बसलो तर फुटेन! आज मी माझ्या जागी परत आलोय.

मला पुरलं त्या दिवशी दोन भावांची वाटणी होती. थोरला सावळीराम, धाकटा कारभारी. मोजणी झाली, खड्डा खणला, अन् पुरुष मंडळी मोजणीदाराला घेऊन चहाला गेली. चहाशिवाय यांचं कोणतं काम पुरं झालंय? मागं राहिल्या दोघी, सासू चिमणाबाई अन् थोरली सून सखू. चिमणाबाईनं चुलीतले विझलेले कोळसे खड्ड्यात ओतले अन् सुनेला म्हणाली, "लाकूड कुजतं, कोळसा कुजत नाय. ध्यानात ठेव." वर माती लोटली. मंडळी आली, मला उभं करून मोकळी झाली.

सावळीराम होता तोवर मी सुखात होतो. मला टेकून तो भाकरी खायचा. तो गेला, उताऱ्यावर सखुबाईचं नाव लागलं, अन् कारभारीच्या पोटात दुखायला लागलं. बाईमाणसाला कशाला जमीन, हक्कसोड लिहून दे, म्हणून मागं लागला. ती बधली नाही. मग दर पेरणीआधी तो पहार घेऊन यायचा अन् मला वीतभर तिच्या रानात सरकवायचा. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला! आठ वर्षांत चार हात चाललो. अजून एक हात, की तिची विहीर कारभारीच्या वाट्याला. त्या विहिरीवरच तिची मेथी-कोथिंबीर, अन् त्यावरच लेकीचं, छायाचं कॉलेज.

शेवटी सखुबाईनं मोजणीचा अर्ज टाकला. आज सकाळी यंत्र आलं. मोजणीदार म्हणाला, खरी हद्द चार हात पलीकडं, कारभारीच्या कांद्यात. कारभारी हसला. यंत्र चुकतं, दगड कधी जागचा हलतो का, म्हणे. माझीच साक्ष काढली लबाडानं!

सखुबाई भांडली नाही. कांद्याच्या वाफ्यात जाऊन उभी राहिली.

"इथं खणा."

इतकी वर्षं ती कोळशाबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. बोलली असती तर कारभारीनं तेही उपसून टाकले असते.

हातभर खणलं, काही नाही. दीड हात, तरी काही नाही. माझा जीव नुसता वर-खाली! तेवढ्यात कुदळ काळी होऊन वर आली. कोळसे! जसेच्या तसे! कारभारी खाली मान घालून बांधावर बसला.

मला उचलून त्याच खड्ड्याशी आणलं. मंडळी सवयीनं चहाला निघाली, तर सखुबाई आडवी आली.

"चहा नंतर. आधी समद्यांनी बघा."

अन् तिनं छायाच्या हाती विझल्या कोळशांचं घमेलं दिलं. घरात गॅस आहे, पण कोळशासाठी काल मुद्दाम चूल पेटवली होती. पोरीनं सगळ्यांसमोर ते खड्ड्यात ओतले.

आता मी ताठ उभा आहे. बाबांनो, तुमच्या रानात माझा कुणी भाऊबंद सरकला असेल, तर घरातल्या बाईला विचारा. अन् कारभारी, पेरणी येईल, पहारही हाताशी असेल. पण आता माझ्याखाली काय आहे, ते साऱ्या गावाला ठाऊक आहे.