सोडलं, ऐकलं

आत्याला ताप आला नसता तर त्या दिवशी मास्तर घरीच राहिले असते आणि कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण आत्या डोक्यावरून पांघरूण घेऊन पडली होती, घरात दुसरं माणूस नव्हतं आणि मास्तरांना एकटं ठेवायची आता सोय राहिली नव्हती. मागे एकदा त्यांनी गॅसवर रिकामं पातेलं ठेवलं आणि ते करपून काळं होईपर्यंत चहाची वाट बघत बसले. म्हणून मुलगी त्यांना आपल्याबरोबर कामावर घेऊन आली.

डोळ्यांच्या त्या हॉस्पिटलात त्यांना अजून सगळे मास्तरच म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. इथले कॉम्प्युटर त्यांनी उभे केले, पोटच्या पोरांसारखे सांभाळले आणि जो हाताला लागेल त्याला धरून शिकवत सुटले, म्हणून मास्तर. ते निवृत्त झाल्यावर त्यांची खुर्ची मुलीला मिळाली. वशिला लागला असं म्हणणारे होतेच. तिचं काम बघून त्यांची तोंडं हळूहळू बंद झाली. मास्तर तिला लहानपणापासून ठमाबाई म्हणत. आज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन अडकवून ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चला ठमाबाई, उशीर होतोय." तेव्हा तिचे डोळेच भरून आले. कित्येक महिन्यांत हे नाव त्यांना पहिल्या फटक्यात आठवलं नव्हतं.

पोचतात न पोचतात तोच तपासणीतली नर्स धावत आली.

"ताई, फोटो सेव्ह होईनात! डिस्क एरर म्हणतंय. बाहेर थेंब घालून बसवलेत सगळ्यांना."

बाहेर बाकांवर माणसं डोळे मिटून बसली होती. थेंबांनी बाहुल्या मोठ्या होतात, मग डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढतात, आणि तो फोटो बघून डॉक्टर ऑपरेशनचं ठरवतात. थेंबांचा असर उतरला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तिच्या खोलीतल्या सर्व्हरच्या पडद्यावर लाल ओळींची रांग लागली होती: वाचता येत नाही, लिहिता येत नाही. स्टोअरवाले काका दारातूनच म्हणाले, "डिस्क गेली. मी सांगतो ना, नवी मागवू." काकांना कशाचंही औषध नवी मागवणं हेच माहीत.

"डिस्क या खोलीत आहे का?" मास्तर मागून म्हणाले.

सगळे वळले. मास्तरांचा आवाज खणखणीत होता, पूर्वीसारखा.

"नाही ना? डिस्का सगळ्या त्या तिकडच्या कपाटात. हा बिचारा इथे बसून वायरीवरून त्यांच्याशी बोलतो. बोलणं पोचलं नाही की हा म्हणतो डिस्क मेली. चोर सोडून संन्याशाला फाशी! ठमाबाई, आधी वाट बघा, वाट."

आणि ते निघालेच. भिंतीवरच्या वायरच्या पट्टीवर बोटं टेकवत, सबंध लांब व्हरांडा चालत, टोकाच्या कपाटाशी थांबले. दार उघडलं. सगळ्या फोटोंचा भार वाहणारी वायर दाराच्या बिजागरीत चेंगरून चपटी झाली होती. काल फरशी पुसताना कुणीतरी दार दाबून लावलं असणार.

"हे दार मेलं पहिल्यापासून असंच आहे," मास्तर म्हणाले.

तिनं नवी वायर जोडली. लाल ओळी थांबल्या. नर्सनं टाळी वाजवली आणि काका काहीतरी पुटपुटत स्टोअरकडे गेले. तिला वाटलं, बाबांना इथेच, सगळ्यांसमोर, मिठी मारावी. बाबांच्या विसरण्यावर औषध देणारे डॉक्टर काय म्हणायचे ते म्हणोत. म्हणे, आता हळूहळू सगळंच पुसलं जाणार. या माणसाचं काय पुसलं गेलंय? तिला तिचे बाबा परत हवे होते, दुसरं काहीही नको होतं, आणि या घटकेला ते तिला परत मिळाले होते.

एकच काम उरलं होतं. वायर तुटत-जुळत असताना काही फोटो अर्धवट लिहिले गेले होते, त्यामुळे डिस्कवरचा हिशेब विस्कटला होता. तो जुळवायला दुरुस्तीची आज्ञा द्यावी लागते. आणि त्यात एक मेख होती. त्या कपाटावर दोन मशीन काम करत. एक वर, तिच्या खोलीत. दुसरं तळमजल्यावर, त्याची जोड. एरवी दोघं एकमेकांना विचारून लिहीत. दुरुस्ती मात्र कुणालाच विचारत नाही. ती चालू असताना दुसऱ्यानं डिस्क धरून ठेवली असेल तर एका म्यानात दोन तलवारी. हा जुळवतो, तो मोडतो, आणि मधल्यामधे फोटोंचा चुराडा.

म्हणून मास्तरांनी फार पूर्वी एक रीत घालून दिली होती. दुसऱ्या मशीनकडून डिस्क सोडवायची ती दुरून नाही. माणसानं स्वतः खाली जायचं, मशीनसमोर बसून डिस्क सोडायची, डोळ्यांनी खात्री करायची आणि तिथल्या फोनवरून म्हणायचं, "सोडलं." वरच्यानं उलट म्हणायचं, "सोडलं, ऐकलं." त्याशिवाय दुरुस्तीला हात लावायचा नाही. लोक हसायचे, पण मास्तरांच्या काळात एकही फोटो हरवला नव्हता.

खाली नेहमी वायरमन जायचा. आज तो रजेवर होता.

"मी येते जाऊन," ती उठत म्हणाली.

"तू बस. मी जातो."

"बाबा..."

"का गं? मला काय जिना माहीत नाही?"

त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिच्यानं नाही म्हणवलं नाही. ते गेले. तिनं दुरुस्तीची आज्ञा लिहून तयार ठेवली आणि वाट बघत बसली. वाट बघता बघता तिनं आणखी एक ओळ लिहिली. खालच्या मशीननं खरंच डिस्क सोडलीय का ते वरूनच विचारणारी. बोट बटणावर नेलं. तेवढ्यात फोन वाजला.

"सोडलं," मास्तर म्हणाले. ठाम, स्वच्छ.

ती त्या ओळीकडे बघत राहिली. बाबांनी सांगितल्यावर मागून मशीनला विचारायचं? तिनं ओळ खोडून टाकली.

"सोडलं, ऐकलं," ती म्हणाली, आणि दुरुस्ती सुरू केली.

दुरुस्ती प्रश्न विचारत गेली. हे जुळत नाही, काढू? हे कुणाचं नाही, बाजूला ठेवू? हो, हो, हो. प्रश्न संपायला हवे होते, ते वाढतच गेले. मघाशी नीट असलेली नावं आता बिघडलेली दिसू लागली. तिनं दुरुस्ती थांबवली, फोटोंचं दप्तर उघडून बघितलं. माणसांची नावं गेली होती. उरले होते नुसते आकडे आणि अर्धेमुर्धे तुकडे, कुणाचा डोळा कुठला ते सांगायला काहीच नाही.

ती जिन्यावरून धावत खाली गेली.

मास्तर मशीनसमोर बसले होते, हात मांडीवर, शाळेतल्या शहाण्या मुलासारखे. मशीन आपलं सुरूच होतं, डिस्क घट्ट धरून. पडद्यावर मास्तरांचं नाव होतं आणि खाली: प्रवेश नाही. पुन्हा नाव, पुन्हा प्रवेश नाही. पडदाभर तेच. त्यांचं खातं ते निवृत्त झाले त्याच आठवड्यात बंद झालं होतं. नियमाप्रमाणे. तिनंच केलं होतं. आणि आज ते तिच्या डोक्यातून साफ गेलं होतं. विसरण्याचा मक्ता काय एकट्या मास्तरांनी घेतला होता?

"बाबा, तुम्ही सोडलं म्हणालात ना?"

"सोडलं की." ते तिच्याकडे शांतपणे बघत होते. "मी नेहमी सोडतो."

ते विसरले होते, की आत जाता येईना याची लाज वाटून तसं म्हणाले होते? तिनं त्यांच्या डोळ्यांत शोधलं. तिथे काहीच सापडलं नाही. तेव्हा तिला कळलं की सकाळी दारात उभे होते ते बाबा आता तिला परत मिळणार नाहीत. कपाटापाशी भेटले तेही नाही.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना व्हरांड्यात गाठलं. आदल्या आठवड्यापर्यंतच्या फोटोंची प्रत दुसरीकडे जपलेली होती, तेवढे वाचले. त्यानंतरचे गेले. तपासणीची माणसं पुन्हा बोलावता आली असती. पण ज्यांचं ऑपरेशन झालं होतं त्यांच्या आधीच्या फोटोंचं काय? ते डोळेच आता पूर्वीचे राहिले नव्हते.

"हे झालं कसं?" बाईंनी विचारलं.

नर्स मास्तरांकडे बघत होती. काकाही बघत होते.

"चूक माझी आहे," मुलगी म्हणाली. "खालच्या मशीननं डिस्क सोडली की नाही, हे न बघता मी दुरुस्ती चालवली."

"न बघता?" मास्तर एकदम पुढे आले. चेहरा लाल झाला होता. "खात्री केल्याशिवाय हात लावायचा नाही! पहिल्या दिवशी शिकवलं होतं मी तुला. काय शिकवलं होतं?"

काकांनी मान खाली घातली.

"सोडलं म्हणायचं, आणि ऐकलं म्हणायचं," ती म्हणाली.

"मग? माणसांचे डोळे आहेत ते! तुझ्या बापाचं नाव घालवलंस."

"हो बाबा. चुकलं माझं."

बाईंनी तिच्याकडे, मग मास्तरांकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. लेखी खुलासा मात्र मागितला. तो तिनं खुर्चीत बसून लिहिला, त्यात मास्तरांचा उल्लेख कुठेच आला नाही.

संध्याकाळी ती त्यांना घेऊन निघाली. फाटकाशी पहारेकऱ्यानं मास्तरांना सलाम ठोकला, त्यांनीही ऐटीत परत केला. रस्ता ओलांडताना तिनं त्यांचा हात धरला. पलीकडे पोचल्यावर त्यांनी तो सोडला नाही. तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघत म्हणाले,

"रडू नका हो. नवीन आहात ना? होतात चुका."

तिनं मोकळ्या हातानं डोळे पुसले.

"माझी मुलगी आहे तिथे, ठमा," ते तिचा हात थोपटत म्हणाले. "फार हुशार आहे. उद्या तिला विचारा, ती सगळं नीट करून देईल."